कडेने येणारी माणसं

बाबा अंघोळीला गेले होते आणि मी त्यांच्या नव्या चष्म्याची काडी सरळ करत बसले होते, तेव्हा टेबलावरच्या कॉम्प्युटरकडे माझं लक्ष गेलं आणि मला ‘निवृत्त’ दिसला. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ते नाव होतं, आणि खाली प्रतिसाद लिहायच्या चौकटीत एक वाक्य अर्धंच राहिलं होतं: ‘कात्री यांचं म्हणणं बऱ्याच अंशी पटलं, तरीसुद्धा’. तरीसुद्धाच्या पुढे ती उभी रेघ लुकलुकत होती. कात्री म्हणजे मी. निवृत्त म्हणजे ज्याला मी गेले कित्येक महिने दर महिन्याला भर चौकात उभं करून सोलत होते, आणि ज्याच्या सोलण्यावर माझे अर्धे वाचक जगत होते, तो माणूस. बाथरूममध्ये पाणी पडत होतं. बाबा कधी नव्हे ते काहीतरी गुणगुणत होते. मी ते वाक्य तीनदा वाचलं. मग मी काय करावं? मी खुर्ची जशी होती तशी मागे सरकवली आणि परत चष्म्याची काडी वाकवायला घेतली. ती एव्हाना सरळ झाली होती, तरी वाकवत राहिले.

मी चष्म्याच्या दुकानात नंबर काढते. अंधाऱ्या खोलीत माणसांच्या नाकावर ती जड गोल चौकट ठेवायची, एकेक काच सरकवायची आणि विचारायचं, ‘आता बरं, की मगाशी बरं होतं?’ माणसं घाबरतात. तक्त्यावरची अक्षरं पाठ करून येणारेसुद्धा आहेत, नापास व्हायची भीती म्हणून. सतरा वर्षं मी हे काम करतेय आणि दिवसभर गोड बोलतेय. संध्याकाळी माझ्या एका खोलीत, खालच्या लाँड्रीतून येणाऱ्या वाफेच्या वासात बसून मी गेम खेळते, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी ‘या महिन्यात खेळले’ या नावाने इंटरनेटवर त्यावर लिहिते. तिथे मी गोड बोलत नाही. दीपगृहाचा एक गेम आला होता, सगळे त्याला हळुवार, तरल म्हणत होते. मी लिहिलं, ‘तीन माणसांनी दोन वर्षं खपून कंटाळा बांधला आहे आणि वर दिवा लावला आहे.’ हे वाक्य लोकांनी इतकं फिरवलं, की त्या तिघांपैकी एकाने मला पत्र पाठवलं. पत्र सभ्य होतं. मी ते पुढच्या महिन्यात छापलं, शुद्धलेखनाच्या चुकांसकट. मला कौतुक करता येत नाही असं नाही, पण कौतुकाचा महिना कोणी वाचत नाही. अकरा-बारा हजार लोक महिनाभर वाट बघत असतात, या वेळी कोण कापलं जाणार म्हणून. कात्री हे नावही त्यांनीच ठेवलं.

निवृत्त आला तो त्याच दीपगृहाच्या वेळी. सगळे हसत होते त्यात त्याने गंभीरपणे लिहिलं: ‘दिव्यापर्यंत एकशे चौदा पायऱ्या आहेत. मी मोजल्या. उतरताना मात्र एकशे बाराच भरतात. दोन पायऱ्या कुठे जातात, हे कृपया बनवणाऱ्यांना विचारावे.’ पुढच्या महिन्यात लढाईच्या गेमवर: ‘अर्धा तास मी एका शेतात उभा होतो. कोणाला गोळी घातली नाही. गवत फार मन लावून केलं आहे.’ मला घबाड सापडलं. मी त्याच्यासाठी लेखाच्या शेवटी वेगळी जागाच काढली, ‘निवृत्तांचा कोपरा’. त्यात त्याचं वाक्य जसंच्या तसं द्यायचं आणि खाली माझी एक ओळ. तिसऱ्या महिन्यात त्याने तक्रार केली होती: ‘या गेममध्ये कडेने माणसं अचानक येतात. आधी तिथे कोणी नसतं आणि मग एकदम असतं. खेळणाऱ्याला त्यांची थोडी आधी कल्पना द्यायला हवी.’ त्याच्याखाली मी लिहिलं, ‘बरोबर आहे. मारेकऱ्यांनी येण्यापूर्वी फोन करावा.’ त्या एका ओळीने मला नवीन हजारभर वाचक मिळाले. लोक एकमेकांना तेच म्हणू लागले, फोन करून ये रे बाबा. निवृत्त चिडला नाही. पुढच्या महिन्यात त्याने परत लिहिलं, परत मन लावून, परत कडेच्या माणसांबद्दल, आणि मी परत हसवलं. त्याचं मला इतकंच कुतूहल होतं, की एवढा मार खाऊन हा दर महिन्याला परत येतो कशाला.

पाणी बंद झालं. बाबा टॉवेलने कान पुसत बाहेर आले, दाराच्या चौकटीवर त्यांचा उजवा खांदा आपटला, ‘दार अरुंद आहे,’ असं म्हणाले आणि कॉम्प्युटरकडे न बघताच त्यांनी हात लांब करून पडदा बंद केला. त्या घराचं दार मी जन्मल्यापासून तेवढंच आहे. मी त्यांच्या नाकावर चष्मा ठेवला, कानांमागे बोट फिरवून बघितलं, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरची खालची छापखान्याची ओळ वाचायला सांगितली. त्यांनी ती पत्त्यासकट धडाधड वाचली. ‘झकास,’ ते म्हणाले. ‘तुझा हात बसलाय आता.’ मग मी म्हटलं, ‘बाबा, दिवसभर करता काय तुम्ही?’ आवाज नेहमीसारखा ठेवायला मला कष्ट पडले नाहीत, याचंच मला जरा नवल वाटलं. ‘काय करणार,’ ते म्हणाले. ‘वाचतो थोडं. तुझं ते खोकं आहे ना, ते कधीमधी लावून बघतो. धूळ बसू नये म्हणून.’ ते खोकं म्हणजे माझा गेम खेळायचा जुना कन्सोल. नवऱ्यापासून वेगळी झाले तेव्हा तीन आठवडे मी इथे राहिले होते, आणि नंतरच्या खोलीत जागा नव्हती म्हणून तो आणि कॉम्प्युटर इथेच टाकून गेले. त्या तीन आठवड्यांत बाबांनी मला एकही प्रश्न विचारला नव्हता. रोज सकाळी चहाचा कप दाराबाहेर ठेवायचे आणि दार वाजवून निघून जायचे. मी तेव्हा त्याला माया समजले होते की भिडस्तपणा, आठवत नाही.

घरी चालत गेले. दीड तासाचा रस्ता, मध्ये दोन पूल आणि एक मालगाड्यांचं फाटक. मला वाईट वाटायला हवं होतं आणि मी ते वाटायची वाट बघत चालत होते, पण त्याच्याऐवजी जे येत होतं ते दुसरंच होतं. मला सातवीचा वर्ग दिसत होता. बाबा गणित शिकवायचे, आणि सातवी-आठवीत मी त्यांच्याच वर्गात होते. वर्गात मी त्यांची मुलगी नव्हते, क्रमांक एकोणतीस होते. पेपर तपासून आणले की ते गठ्ठ्यातून एक काढायचे, खडू टेबलावर उभा ठेवायचे आणि तो पेपर वाचून दाखवायचे. हौदाला दोन नळ, एक भरतो आणि एक रिकामा करतो, हौद किती वेळात भरेल? माझं उत्तर आलं होतं, उणे चार तास. ‘क्रमांक एकोणतीसच्या घरी,’ बाबा म्हणाले, ‘नळ सोडायच्या चार तास आधीच हौद भरलेला असतो. कोणाला पाण्याची अडचण असेल तर यांच्याकडे जावं.’ वर्ग हसला. एवढा हसला की शेजारच्या वर्गावरच्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या आणि त्याही हसल्या. घर तर त्यांचंच होतं. संध्याकाळी त्याच घरात आम्ही तिघं जेवलो, आणि आईने विचारलं आज शाळेत काय झालं, तर बाबा म्हणाले काही विशेष नाही, आणि मीही म्हटलं काही विशेष नाही. पुढच्या वेळी दुसऱ्या एका उत्तरावर ते म्हणाले होते, ‘हे उत्तर चुकलेलं नाही. चुकायलासुद्धा काहीतरी करावं लागतं.’ ते वाक्य मला इतकं आवडलं होतं! रडू येत होतं आणि वाक्य आवडत होतं, दोन्ही एकाच वेळी. आपल्याला असं बोलता यायला हवं, एवढं एकच मला त्या वर्गात नीट कळलं. फाटक पडलेलं होतं. मालगाडीचे डबे मोजत मी उभी राहिले आणि माझ्या लक्षात आलं, की मला वाईट वाटत नाहीये. मला हुरूप आलाय.

त्या महिन्यात मी पुलाचा गेम निवडला. खरं तर तो जुना होता आणि माझा कधीच खेळून झाला होता. चिलखत घातलेला एक माणूस, धुक्यातला लांबच लांब दगडी पूल, आणि दोन्ही कठड्यांवरून चढून येणारे कुऱ्हाडवाले. एक घाव बसला की मेला, मेला की पुलाच्या सुरुवातीला. तरण्याताठ्या पोरांचे अंगठे त्यात रडकुंडीला येतात. मी त्याची आरती ओवाळली. ‘ज्यांना हा अवघड वाटतो त्यांनी गेम सोडून विणकाम करावं,’ असं लिहिलं, आणि शेवटी कोपऱ्यात: ‘आमचे निवृत्त यांना या महिन्यात खास आग्रह. त्यांनी हा पूल ओलांडून दाखवावा. पलीकडे पायऱ्या पूर्ण भरतात.’ बाबांच्या अंगठ्याचा सांधा थंडीत कसा धरतो हे मला ठाऊक होतं. त्यांना कन्सोलच्या खटक्यांवरची चिन्हं ओळखायला किती वेळ लागत असेल, याचा मी अंदाज केला होता. अंदाज करताना माझा हात अगदी स्थिर होता, काच निवडताना असतो तसा. दोन दिवसांनी प्रतिसाद आला: ‘आग्रहाबद्दल आभार. सुरुवात केली आहे.’ आठवड्याने: ‘अजून पहिल्या कमानीवरच आहे. एकूण कमानी किती, हे कोणी सांगेल का?’ कोणी सांगितलं नाही. लोकांनी त्याचं ‘पुलावरचे आजोबा’ असं नाव ठेवलं आणि ते रोज किती वेळा मेले असतील यावर पैजा लावल्या. मग महिनाअखेरीस मोठा प्रतिसाद आला: ‘डावीकडून येणाऱ्यांना मी आता बऱ्यापैकी ओळखतो. उजवीकडून येणारे मात्र मला कळायच्या आत अंगावर असतात. मी आवाजावरून अंदाज घेऊन पाहिला, पण सगळ्यांची पावलं सारखीच वाजतात. काल दिवसभरात एकशे सहा वेळा पडलो. तरीही धुक्याचा रंग सकाळी वेगळा आणि संध्याकाळी वेगळा आहे, हे मला वाटतं कोणी लिहिलेलं नाही.’ मी ते सगळं छापलं आणि खाली लिहिलं, ‘एकशे सात. आशा सोडू नये.’

त्यानंतरच्या रविवारी मी त्यांच्याकडे गेले, तर उजव्या अंगठ्याला फडक्याची पट्टी बांधलेली. ‘बाटलीचं झाकण घट्ट होतं,’ ते म्हणाले. चहा देताना त्यांच्या कोपराने कडेचा कप उडाला, आणि फुटलेले तुकडे गोळा करताना त्यांनी डोकं टेबलाला आपटून घेतलं. मी म्हटलं, ‘बाबा, जरा बघून.’ ते म्हणाले, ‘बघतोच तर आहे.’ मी तुकडे उचलले. म्हातारपण, असा एक शब्द माझ्या मनात येऊन गेला आणि तेवढ्यावर माझं समाधान झालं. मी ही गोष्ट सांगतेय ती यासाठी, की डोळ्यांचं काम करणाऱ्या बाईला इतकं सगळं समोर मांडून दिलं होतं. खांदा, कप, डोकं, आणि आठ महिन्यांचं लेखी निवेदन.

मंगळवारी दुपारी दुकानात शाळेच्या बसचा ड्रायव्हर आला. पन्नाशीचा, गप्पिष्ट माणूस. मी त्याच्या नाकावर चौकट ठेवली, त्याने तक्त्यावरची शेवटची ओळ चष्म्याशिवायच वाचून दाखवली आणि म्हणाला, ‘ताई, अक्षरं झकास दिसतात हो. माझी तक्रार वेगळीच आहे. बाजूने माणसं एकदम येतात. आधी नसतात, आणि मग असतात. काल एक बाई अशीच आली, ब्रेक लागला म्हणून बरं.’ मी त्याच्यासमोर बसले, एक डोळा झाकायला लावला, माझ्या नाकाकडे बघायला सांगितलं आणि बोट लांबून हलवत हलवत आत आणलं. बोट त्याच्या कानापासून गालापर्यंत आलं, तरी तो म्हणाला, ‘आणा की बोट.’ मी नेहमीच्या आवाजात त्याला सांगितलं, की बस आता इथेच उभी करा, मालकांना फोन लावा, आणि आजच्या आज डोळ्यांच्या हॉस्पिटलात जा. काचबिंदूची शंका वाटते. हा आजार कडेकडेने खातो, समोरचं शाबूत ठेवतो, म्हणून तक्त्यावर सापडत नाही. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली राखता येते. हे सगळं मला पाठ आहे, वर्षाला चार-पाच वेळा सांगावं लागतं. चिठ्ठी लिहायला घेतली. तक्रार: कडेने माणसं अचानक येतात, एवढं लिहिलं आणि पुढचा शब्द माझ्याकडून लिहिला गेला नाही. ड्रायव्हर म्हणाला, ‘ताई, फार सीरियस आहे का?’ त्याला वाटलं, मी त्याच्यासाठी रडतेय. तो बिचारा मलाच धीर द्यायला लागला.

दुसऱ्या दिवशी मी बाबांना हॉस्पिटलात नेलं. तिथली कडेची नजर तपासायची खोली काळोखी असते. एक मोठा पांढरा घुमट, त्यात हनुवटी टेकवायची, एक डोळा पट्टीने बंद करायचा, मधल्या पिवळ्या ठिपक्याकडे एकटक बघायचं, आणि घुमटात कुठेही बारीक उजेड चमकला की हातातला खटका दाबायचा. मशीनवरच्या मुलीने समजावलं, ‘आजोबा, समोरच बघायचं हं. इकडेतिकडे बघितलं तर मशीनला कळतं.’ बाबा ताठ बसले. तो खटका त्यांनी दोन्ही हातांत धरला आणि पट्टीतला अंगठा वर ठेवला. मी तिच्यामागे उभी होते, तिच्या पडद्यावर मला दिसत होतं कुठे उजेड पडतोय ते. मध्ये पडला, खटका वाजला. मध्येच थोडा वर, वाजला. डावीकडे, जरा थांबून वाजला. उजवीकडे पडला. अंगठा हलला नाही. उजवीकडे, आणखी ठळक. अंगठा हलला नाही. उजवीकडे खाली, या घुमटात याहून ठळक उजेड नसतो, आणि बाबा शांतपणे पिवळ्या ठिपक्याकडे बघत अंगठा तयार ठेवून बसले होते. पडद्यावर एकेक काळा चौकोन भरत गेला. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, उजवीकडे बाबा, उजवीकडे. दुसऱ्या डोळ्याचंही तसंच झालं, जरा कमी. दिवे लागल्यावर त्यांनी डोळ्यावरची पट्टी काढली आणि त्या मुलीला विचारलं, ‘किती आले?’ ती हसली, ‘यात मार्क नसतात आजोबा.’ ‘असं कसं,’ बाबा म्हणाले. ‘मोजल्याशिवाय तुम्हाला कळतं कसं?’

डॉक्टरीणबाईंनी ते कागद उजेडात धरले, उजव्या डोळ्याच्या कडा जवळजवळ गेल्यात असं सांगितलं, आणि विचारलं, ‘हा त्रास कधीपासून जाणवतोय?’ ‘आठ महिने झाले असतील,’ बाबा म्हणाले. ‘आठ महिने! मग कोणाला सांगितलं का नाही?’ बाबांनी चष्मा पुसायला काढला. ‘सांगितलं होतं की,’ ते म्हणाले. ‘लेखी.’ डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्या टेबलावरच्या प्लास्टिकच्या डोळ्याकडे बघत होते, त्याचे पापुद्रे सुटे होतात आणि परत लावता येतात.

औषधाच्या खिडकीपाशी रांग होती. आम्ही भिंतीलगतच्या बाकावर बसलो, हातात आमचा अडुसष्ट नंबर. मी म्हटलं, ‘तुम्हाला कधी कळलं?’ ते म्हणाले, ‘काय, डोळ्याचं? आधी वाटलं गेमचीच चूक आहे. मग रस्त्यातही तसंच व्हायला लागलं.’ ‘मग मला सांगायचं ना बाबा.’ ‘कसं सांगणार,’ ते म्हणाले. ‘तू त्यावर लिहिलं होतंस. लोक इतके हसत होते. रंगलेल्या वर्गात मध्येच हात वर करायचा, हे काही बरं दिसत नाही.’ मग विचारलं, ‘आणि मी ते लिहिते हे?’ ‘ते पहिल्याच दिवशी. तुझं ते पान त्या कॉम्प्युटरवर आपोआप उघडायचं. कोण बाई आहे ही, म्हणून वाचायला लागलो. तर एका गेमबद्दल लिहिलं होतं, हा फसलेला नाही, फसायलासुद्धा काहीतरी करावं लागतं. म्हटलं, अरे, हे तर माझंच वाक्य.’ त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मी बोलायला तोंड उघडलं. माफ करा म्हणायचं होतं, निदान तशी काहीतरी तयारी होती. त्यांनी हात वर करून मला थांबवलं, वर्गात थांबवायचे तसा. ‘तू फार चांगलं लिहितेस,’ ते म्हणाले. ‘मी वर्गात इतकं चांगलं बोलत नव्हतो. ते मारेकऱ्यांनी फोन करावा, ते वाचून मी एकटाच हसत बसलो होतो.’ आणि मला आनंद झाला. लपवून काय उपयोग? बेचाळीस वर्षांत त्या माणसाने मला पहिल्यांदा शाबासकी दिली, ती त्याचे डोळे जात असताना मी त्याची टिंगल केली म्हणून, आणि माझ्या छातीत काहीतरी उबदार पसरत गेलं, गालांपर्यंत आलं, आणि मी बाकावर शाळकरी पोरीसारखी पाय जुळवून बसले.

खिडकीतून त्रेसष्ट नंबर पुकारला गेला. ‘एक विचारू?’ बाबा म्हणाले. ‘तो पुलाचा गेम. मुद्दाम निवडलास?’ नाही म्हणणं सोपं होतं. ‘हो,’ मी म्हटलं. ‘वाटलंच मला.’ त्यांनी अंगठ्यावरच्या पट्टीचं टोक आत खोचलं. ‘मीही मुद्दामच निवडायचो. तुझा पेपर.’ मी म्हटलं, ‘म्हणजे?’ ‘म्हणजे, सगळ्यात वाईट तुझा नसायचा. उणे चार तास तर निम्म्या वर्गाचं आलं होतं, चिन्हाची चूक. तुझा तसा बराच असायचा.’ ते अगदी सहज सांगत होते, जुन्या घराचं भाडं किती होतं हे सांगावं तसं. ‘पण दुसऱ्याचं पोर रडलं तर घरी जाऊन सांगणार. मग त्यांचे आईबाप शाळेत येणार, हेडमास्तरांकडे जाणार. तू कुठे जाऊन सांगणार होतीस?’ आणि मग, मला बरं वाटावं म्हणून असेल, माझ्या गुडघ्यावर थोपटत म्हणाले, ‘वर्ग मात्र ताब्यात राहायचा.’ अडुसष्ट नंबर आला तेव्हा मी उठून औषध घेतलं. खिडकीतल्या माणसाने दोन्ही बाटल्या कशा घालायच्या ते समजावलं आणि मी मान डोलावत राहिले. ते मला आधीपासून माहीत होतं.

आता मी रोज सकाळी दुकानात जाण्याआधी त्यांच्याकडे जाते. खालची पापणी बोटाने ओढायची, एक थेंब, डोळा मिटायचा, कोपऱ्यावर दाबून धरायचं, मनात साठ मोजायचे, मग दुसरा डोळा. ते निमूट मान मागे टाकतात. थेंब चुरचुरतो तेव्हा फक्त पायाची बोटं आवळतात. आमचं त्यावर पुन्हा बोलणं झालेलं नाही. मी दोन महिने काही लिहिलं नाही, वाचकांनी आधी विचारपूस केली आणि मग शिव्या दिल्या. बाबा म्हणाले, ‘लिहीत जा. लोक वाट बघतात.’ ते स्वतः अजून पुलावर आहेत. डॉक्टरीणबाईंची हरकत नव्हती, पडदा बघितल्याने हे वाढत नाही म्हणाल्या. गेल्या रविवारी थेंब घालून झाल्यावर त्यांनी कन्सोल लावला आणि त्यांच्या उजव्या हाताची खुर्ची थोपटली. ‘इथे बस. मी समोरचं आणि डावीकडचं बघतो. उजवीकडचं तू सांग.’ मी बसले. खिडकीतून स्वच्छ ऊन येत होतं, पडद्यावर धुकं होतं. मी सांगत गेले आणि ते चालत गेले. उजवीकडे एक, जवळ आलाय, आता. त्यांचा घाव बरोबर बसायचा. पहिली कमान गेली, दुसरी गेली. ते हसत होते, गालावर औषधाचा एक ओघळ वाळला होता तसाच. तिसऱ्या कमानीवर मी इतकी जवळ होते की त्यांच्या कानामागची, मीच वाकवून बसवलेली काडी मला दिसत होती. आम्ही दोघं मिळून काहीतरी करत होतो, आणि हे असं आयुष्यात कधी झालं होतं ते मला आठवत नव्हतं. चौथ्या कमानीवर शुकशुकाट होता. पलीकडचा काठ दिसायला लागला होता, काळपट, खराखुरा काठ. ‘उजवीकडे कोणी आहे?’ बाबांनी विचारलं. उजव्या कठड्यावर दोन हात आले, मग डोकं, मग कुऱ्हाड. तो वर चढून उभा राहिला.

‘कोणी नाही,’ मी म्हटलं.

बाबांचा अंगठा खटक्यावर तसाच थांबला. त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं नाही. क्षणभर पुलावर तो चिलखतातला माणूस नुसता श्वास घेत उभा होता. मग ते म्हणाले, ‘बरं,’ आणि त्यांनी पाऊल पुढे टाकलं.